चौदाव्या बांधीतली एक लोंबी

चामोर्शी
१२ फेब्रुवारी २०२५

नूतन,

तुझा फोन माझ्या नंबरावरून लागत नाही, म्हणून रजिस्टर पत्र. आधी घडलं तेवढं लिहिते.

१. ९ नोव्हेंबर २०२३, गुरुवार. कंपनीच्या बियाणे प्रक्षेत्रावर, धानाच्या खाचरांपैकी बांधी क्रमांक १४ मध्ये कापणीआधीची शेवटची भेसळ काढणी झाली. मूळ वाणापेक्षा वेगळी दिसणारी धानाची झाडं उपटण्यात आली. देखरेख माझी.

२. कामावर तू, मी आणि कमळाबाई धरून सहा मजूर बाया.

३. संध्याकाळी त्या बांधीतली एक लोंबी तुझ्या डब्याच्या पिशवीत होती.

४. नोंदवहीत त्या लोंबीची नोंद नाही.

५. १६ नोव्हेंबरला मी व्यवस्थापक प्रफुल सरांना हे लेखी कळवलं.

६. १८ नोव्हेंबरला लोंबी ताब्यात घेऊन सीलबंद केली. दाणे २०५.

७. चौकशी झाली. १९ जानेवारी २०२४ ला कंपनीने चोरीच्या कारणावरून तुला कामावरून काढलं.

८. तू चंद्रपूरच्या कामगार न्यायालयात गेलीस. कंपनीचं उत्तर एकच आहे: चोरी केली म्हणून काढलं.

या आठ कलमांत एकही वाक्य खोटं नाही. मी ती तीनदा तपासली.

आता लिहिण्याचं कारण. तुझे वकील राजदीप यांनी न्यायालयात दिलेल्या अर्जाची प्रत प्रफुल सरांनी माझ्या टेबलावर ठेवली. अर्ज दोन पानांचा आहे. कंपनी म्हणते ते सगळं खरं धरा, तरीही त्यातून चोरी होत नाही, म्हणून चोरीचा मुद्दा उत्तरातून काढून टाका, एवढंच त्यात मागितलं आहे. 'लोंबी नेली' असा आरोप आहे. पण ती उभ्या झाडावर होती की आधीच तुटलेली? त्या वेळी कोणाच्या ताब्यात होती? कोणाची संमती नव्हती? आरोप याबद्दल गप्प आहे, असं त्यांनी लिहिलं आहे.

सर म्हणाले, "मॅडम, आपल्या कागदात भोक हाये. ते तुमीच बुजवू शकता." कंपनीच्या वकिलांना माझा पुरवणी जबाब हवा आहे. नवीन काही नको, फक्त सात शब्द: 'उभ्या झाडावरून तोडून, कोणाचीही परवानगी न घेता.' १८ मार्चच्या तारखेआधी.

मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

मला एवढंच विचारायचं आहे: उभी की तुटलेली, हा प्रश्न वकिलांना सुचला की तू सांगितलास?

उर्वशी भोयर


चामोर्शी
२१ फेब्रुवारी २०२५

नूतन,

पोचपावती परत आली. सही गिरजाबाईंची. म्हणजे पत्र तुझ्या आईच्या हातात पडलं, एवढं मी धरते. तू वाचलंस असं धरत नाही.

अर्ज मी आणखी चार वेळा वाचला. आमच्या प्रयोगशाळेत बियाण्याचा नमुना कमी आला तर उगवण चांगली की वाईट हे आम्ही सांगतच नाही. 'नमुना अपुरा' असा शेरा मारून परत पाठवतो. राजदीप यांनी आमचा आरोप तसा परत पाठवला आहे. चोरीसाठी काय काय लागतं ते एकाखाली एक लिहिलंय: वस्तू हलवता येण्याजोगी हवी, दुसऱ्याच्या ताब्यातली हवी, त्याची संमती नको, मनात लबाडी हवी, आणि वस्तू हलवलेली हवी. मग आमच्या आरोपातलं एकेक वाक्य त्याशेजारी ठेवलंय. पाचांपैकी एकच पुरं होतं. हलवलेली, एवढंच.

इतकं स्वच्छ मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. मग वाटलं, हे लिहिणाऱ्याला तुझ्यासाठी लिहायचं होतं. माझ्यासाठी असं कोणी कधी लिहिलेलं नाही. हे या प्रकरणाशी संबंधित नाही. तरी लिहिलं आहे, तर राहू दे.

उभी की तुटलेली हे वकिलाला सुचत नाही, असं माझं मत झालं आहे. ते बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभं राहिलेल्या माणसाला सुचतं. एम.एस्सी. माझी आहे. तुझी पदविका. प्रक्षेत्रावर दाणा मोजायचा कॅलिपर माझ्या खिशात असायचा, आणि तू नुसती बांधीच्या कडेने चालत गेलीस तरी नेमकी थांबायची तिथे थांबायचीस. आधी मला वाटलं योगायोग. मग मी मोजायला लागले. २०२२ च्या हंगामात तू अकरा वेळा थांबलीस, त्यातल्या नऊ ठिकाणी खरोखर वेगळं झाड होतं. त्याच बांध्यांत मला सापडली चार.

त्याच वर्षी जुलैत रोवणीला मी तुला गोंडपिपरीकडच्या आमच्या गावी नेलं, आठवत असेल. चहा झाला आणि बाबा उठले. "ये पोट्टी, चाल, तुले आमच्या बांध्या दाखवतो." मीही उठले. तर मला म्हणाले, "तू बस वं. तू शिकलेली हायेस, तुले का दाखवाचं?"

दोन तास तुम्ही परत आला नाहीत. मी दारातून पाहत होते. बाबा वाकायचे, मग तू वाकायचीस. आल्यावर हातपाय धुता धुता तू मला सांगितलंस, "तुह्या बाबाच्या खालच्या बांधीत पाणी दोन दिस जास्त राह्यते, म्हून तिथलं धान मागून पिकते. मालूम हाये ना तुले?"

मी म्हणाले, माहीत आहे.

माहीत नव्हतं.

आता पहिल्या पत्रातल्या सहाव्या कलमाबद्दल. 'लोंबी ताब्यात घेतली' असं मी लिहिलं. कुठून ते लिहिलं नाही. आरोपातही ते नाही, आणि राजदीप यांनी ते बरोबर पकडलं आहे.

आमच्या घरातून. ११ नोव्हेंबरला मी दिवाळीसाठी गावी गेले. देव्हाऱ्याच्या वरच्या खुंटीला लाल दोऱ्याने एक लोंबी बांधलेली होती. मी काही विचारण्याआधीच बाबा म्हणाले, "नूतननं आणून देल्ली. धनतेरसले बसनं आली होती बिचारी, तशीच परत गेली. पाय ना, का दाणा हाये!"

मी आजवर घरी जे आणलं, म्हणजे विद्यापीठाचं पदक, प्रमाणपत्रं, ते सगळं बाबांनी लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली. जपून ठेवतात असं आई सांगते. ते पदक कोणी पाहिलेलं नाही. तुझी लोंबी देवाच्या डोक्यावर होती आणि घरात येईल त्याला बाबा हात धरून दाखवत होते.

भाऊबीजेच्या दिवशी मी ती खुंटीवरून काढली. बाबा ओसरीतून पाहत होते. दुसऱ्या दिवशी मी प्रफुल सरांना लेखी कळवलं.

कंपनीच्या मालमत्तेची काळजी म्हणून मी ते केलं, असं चौकशीत मी सांगितलं होतं. तेही दुरुस्त करते. मी चोरी शोधत नव्हते. ती लोंबी मला आमच्या घरातून बाहेर काढायची होती.

उर्वशी


चामोर्शी
२७ फेब्रुवारी २०२५

नूतन,

काल मार्कंड्याच्या जत्रेत गेले होते. प्रक्षेत्राला सुट्टी होती. देवळाच्या मागच्या बाजूला, नदीकडे उतरतात तिथे, कमळाबाई भेटल्या. नातीला फुगा घेऊन देत होत्या.

"का मॅडम, एकट्याच? तुमची जोडीदारीण कुठी गेली म्हनू नये मी, नाई का?"

मी हसले नाही. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तुमचे बाबा भेटले होते ना मले. भद्रावतीच्या बसमंदी. मी लेकीकडे जाऊन राह्यली होती, फॅक्टरीच्या कॉलनीत. ते नूतनकडे जाऊन राह्यले होते. मांडीवर पिशवी अशी धरून, जशी का अंडी हायेत तिच्यात."

तीन वर्षांत बाबा चामोर्शीच्या माझ्या खोलीवर एकदाही आलेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. भद्रावतीला जायला चंद्रपूरला बस बदलावी लागते.

मी विचारलं, पिशवीत काय होतं? कमळाबाई म्हणाल्या, "मी का त्यायच्या पिशवीत डोकावू? तुमी इचारा ना, बाप तुमचे हायेत." मग फुग्याचा दोरा नातीच्या मनगटाला बांधत एकदम म्हणाल्या, "ते झाड तं तुमीच उपटून फेकलं होतं नं, मॅडम?"

मी म्हणाले, हो.

"बाकीच्या लोंब्या मी नेल्या शेळ्यांले. आता आयकून राह्यली का कोर्टात चालू हाये त्याच धानाचं. माह्या शेळीनं तुमचं सायन्स खाल्लं म्हना!" आणि इतक्या मोठ्याने हसल्या की फुगेवाला वळून पाहायला लागला. मग हसू थांबवून म्हणाल्या, "वकिलाचा मानूस आल्ता माह्या घरी. मी सांगतलं, मी अनपड बाई, मले का समजते. खरं सांगतलं असतं तं माही रोजी गेली असती. पन तुमची तं नसती गेली, मॅडम. तुमाले काऊन नाई सांगता आलं?"

याचं उत्तर तुला देते. हे तिसऱ्या कलमाची दुरुस्ती म्हणून वाच.

मंगळवारच्या वाऱ्यापावसाने चौदाव्या बांधीतलं सगळं धान आडवं झालं होतं. एक झाड उभं होतं. बाकीच्यांपेक्षा पंधरा सेंटिमीटरने बुटकं. वाणाच्या वर्णनात उंची दिलेली असते, त्यात न बसणारं झाड भेसळ. मी ते मुळासकट उपटलं आणि धुऱ्यावर फेकलं. नियमाने मी बरोबर होते. आजही आहे. फक्त, आडव्या झालेल्या बांधीत एकच झाड उभं का राहिलं, हा प्रश्न ज्याला पडायला हवा अशा कामासाठी मला ठेवलेलं आहे, आणि मला तो पडला नाही.

तू धुऱ्यावर गेलीस आणि ते उचललंस.

"उर्वशी, हे पाय ना."

कामावर तू मला मॅडम म्हणायचीस. त्या दिवशी विसरलीस. बायांनी ते ऐकलं.

मी म्हणाले, भेसळ आहे.

"भेसळ हाये म्हून तं उभी होती," तू म्हणालीस, आणि बाया हसल्या. तू मला हसली नव्हतीस. तू त्या झाडाकडे पाहून हसत होतीस. तेव्हा मला ते वेगळं करता आलं नाही.

मी म्हणाले, "एवढं आवडलं तर ने. शेळ्यांच्या कामाचं आहे."

"नेऊ?"

"ने म्हटलं ना."

तू एक लोंबी काढून घेतलीस. बाकीचं झाड कमळाबाईंनी नेलं.

राजदीप यांच्या यादीशेजारी हे ठेवून पाहा. जमिनीतून आधीच उपटलेलं. ज्याच्या ताब्यात होतं त्यानेच टाकलेलं. संमती दोनदा. सहा साक्षीदारांसमोर.

चौकशीतल्या खुलाशात तू लिहिलं होतंस, 'मॅडमनी ने म्हटले.' प्रफुल सरांनी मला विचारलं. मी सांगितलं, मला तसं आठवत नाही. नूतन, मला पंधरा सेंटिमीटर आठवत होते.

त्यांनी तुला मात्र तीनदा विचारलं होतं: "तुमच्याकडे शेतीच नाई, मंग लोंबी कायले पायजे होती?" मला एकदाही उलट विचारलं नाही. माझ्या कागदाखाली माझं आडनाव होतं, तुझ्या कागदाखाली तुझं. त्यातला कोणता तपासायचा हे वाचण्याआधीच ठरलेलं होतं. हे मला लिहितानाच माहीत होतं. मी त्यावर विसंबून होते.

एक गोष्ट मला समजलेली नाही. परवानगी होती असं तू लिहिलंस. पण झाड उपटून फेकणारी मीच, हे लिहिलं नाहीस. ते लिहिलं असतंस तर चौकशी तिथेच संपली असती. का लिहिलं नाहीस?

उर्वशी


चामोर्शी
३ मार्च २०२५

नूतन,

या वेळच्या पोचपावतीवर तुझी सही आहे. आडनावातला 'दे' अजून तसाच, शेपूट लांब ओढलेला.

काल गावी जाऊन आले. बाबा ओसरीत सूप घेऊन बसले होते. मी चप्पल काढतानाच विचारलं, भद्रावतीला कशाला गेला होतात?

"पोट्टीचं धान पोट्टीले द्याले."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. बाबांनी त्या लोंबीचे नऊ दाणे आधीच काढून ठेवले होते. बियाणं घरातून पुरं जाऊ द्यायचं नाही, चिमूटभर का होईना मागे ठेवायचं, हा आमच्या घरचा नेम. तू आणलीस त्याच दिवशी त्यांनी तो पाळला. गेल्या खरिपात ते नऊ दाणे रोपांच्या वेगळ्या पऱ्ह्यात टाकले, खालच्या बांधीच्या कोपऱ्यात रोवले. नऊच्या नऊ उगवले.

इथे मलाही एक गोष्ट लिहायला हवी. लोंबी सीलबंद करताना मी दाणे मोजले तेव्हा २०५ भरले, आणि दांडीवर नऊ जागा रिकाम्या होत्या. ताज्या. मला दिसलं होतं. पंचनाम्यात मी २०५ लिहिलं आणि रिकाम्या जागा लिहिल्या नाहीत. ही एकच गोष्ट मी कोणाला तरी वाचवायला लपवली. बाकीच्या मला वाचवायला.

मी बाबांना विचारलं, "पोट्टीचं म्हणजे? कोणत्या पोट्टीचं?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "आता तूच सांग. फेकलं कोनं अन् उचललं कोनं?"

"तुम्हाला नूतनने सांगितलं?"

"तिनं? तिच्या घरी चार घंटे बसलो मी. गिरजाबाईनं जेवू घातलं. त्या पोट्टीनं तुह्यं नावसुद्धा नाई घेतलं. कमळाबाई बसमंदी बोल्ली. म्या तिले म्हटलं, माही लेक असं नाई करत. मंग बाई चूप बसली, तवा मले समजलं."

म्हणजे मागच्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर मला अर्धं मिळालं. तू त्यांनाही सांगितलं नव्हतंस. दिवाळीत नाही, नोकरी गेल्यावर नाही, ते तुझ्या दारात आल्यावरही नाही. बाबांच्या नजरेत माझं शिक्षण जिथे होतं तिथे तू ते राहू दिलंस. नूतन, मला याचाही हेवा वाटला. नजर तुझी चांगली आहे हे मी कसंबसं सोसलं होतं. मनही असावं, हे जास्त झालं.

बाबांनी कृषी सेवकाच्या भरतीचंही सांगितलं. तुझं नाव यादीत आलं आहे. फॉर्मात एक रकाना आहे, यापूर्वी कुठल्या नोकरीतून काढून टाकलं आहे का, कारण काय. "तिथी चोरी लिहाची का तिनं?" बाबा म्हणाले. माझ्याकडे न पाहता म्हणाले.

मग त्यांनी कोठीतून डबा आणला आणि माझ्या तळहातावर मूठभर धान ओतलं. तुला अर्धं देऊन उरलेलं. माझ्याकडे कॅलिपर नव्हता. बारीक दाणा, टोकाशी किंचित वळलेला, फुटलेला एकही नाही. खूप वेळ पाहिलं. मग बाबा उठले आणि म्हणाले, "चाल."

रिकाम्या बांध्यांतून आम्ही खालच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. त्यांनी दाखवलं, नऊ झाडं कुठे होती, पाणी कुठून यायचं, वारं कुठून. मी ऐकत होते. मधे एकदा वही काढली तर म्हणाले, "ठेव वं ते. आधी पाय."

हे मला तुझ्यामुळे मिळालं. त्याने हेवा कमी होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. तू त्याच धुऱ्यावरून आधी चालली आहेस, हे प्रत्येक पावलाला आठवत होतं.

उर्वशी


चामोर्शी
५ मार्च २०२५

नूतन,

हे शेवटचं. कामाचं आहे.

काल प्रफुल सरांना सांगितलं, ते सात शब्द मी लिहून देणार नाही.

"नाई म्हंजे?"

"उभ्या झाडावरून तोडलं नव्हतं. झाड मी उपटलं होतं. आणि ने असं मीच म्हटलं होतं."

ते उठले. मग दार लावून घेतलं. "मॅडम, तुमी एम.एस्सी. हायेत. हे कागदावर आलं तं वरचे लोक इचारतीन, तिथी भेसळ कोन काढते, अन् कशी काढते. नूतनचं होईल ते होईल. तुमचं काय होईल? घरी जा, दोन दिस इचार करा."

मी म्हणाले, दीड वर्ष केला.

त्यानंतर मी चंद्रपूरला जाऊन नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं. मूळ प्रत या पाकिटात आहे. त्यात पहिल्या पत्रातली आठही कलमं आहेत, पण तिसरं, चौथं आणि सहावं नव्याने लिहिलेलं. चौथ्याबद्दल तुला अजून सांगितलेलं नाही: उपटलेल्या भेसळीची नोंद आपण कधीच ठेवत नव्हतो, कोणत्याच बांधीत. नोंद नाही याचा अर्थ काहीच होत नव्हता. मी तो होऊ दिला. 'आठवत नाही' हे उत्तर खरं नव्हतं, हेही त्यात आहे. बाबांचे नऊ दाणे त्यात आहेत, कारण ते वगळले तर बाकीच्यावर कोणी विश्वास ठेवू नये असं मलाच वाटेल. बाबांना विचारून लिहिलं. ते म्हणाले, "लिही. माह्यं का नेतात?"

ते मी परस्पर न्यायालयात दिलेलं नाही. कारण सांगते, आणि हे राजदीप यांना दाखवून खात्री करून घे. मी वकील नाही.

त्यांचा अर्ज कंपनीचं म्हणणं आहे तसं खरं धरून चालतो. त्यात माझी गरज नाही. माझे सात शब्द नसले तर कागदातलं भोक तसंच राहतं, आणि १८ मार्चला चोरीचा मुद्दा निघून जाण्याची शक्यता चांगली आहे. कंपनीकडे मग तुला काढण्याचं दुसरं कारण नाही. भरतीची पडताळणी व्हायच्या आत तू मोकळी होऊ शकतेस. पण त्या आदेशात एवढंच असेल की आरोप अपुरा होता. आमच्या भाषेत, नमुना अपुरा. तू चोरी केली नाहीस, असं त्यात कुठेही नसेल. आणि ते झाड कोणी फेकलं, हे कोणी कधी विचारणार नाही.

माझं प्रतिज्ञापत्र जोडलं तर गोष्ट बदलते. मग नुसता कागद वाचून भागणार नाही. साक्ष घ्यावी लागेल, मला उलट विचारतील, कमळाबाईंना बोलावतील, कदाचित बाबांनाही. महिने लागतील. यादीतली जागा तोवर राहील की नाही, मला सांगता येत नाही. पण शेवटी जे लिहिलं जाईल त्यात 'अपुरा' हा शब्द नसेल. खोटा, असं असेल.

मला पहिला रस्ता सोयीचा आहे. माझी नोकरी राहते, कोणाला काही कळत नाही, आणि तुझंही भलं केल्यासारखं दिसतं. म्हणून मी स्वतःला विचारत नाही, तुला विचारते. माझ्या सोयीचं उत्तर मला आधीच येतं.

दुसरा रस्ता घेतलास तर मी प्रत्येक तारखेला येईन. बोलावणं येण्याची वाट पाहणार नाही. पहिला घेतलास तरी मूळ प्रत तुझ्याकडेच राहू दे. पुढे कधी, कोणत्याही रकान्यासाठी लागली तर वापर. मला विचारायची गरज नाही.

या पत्रात माफी नाही. ती मागितली की तिचंही उत्तर तुला द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून एका वेळी एकच गोष्ट मागायची असं मी ठरवलं आहे. शिवाय हेवा अजून गेलेला नाही. आज सकाळी चौदाव्या बांधीच्या कडेने चालत गेले, तुझ्यासारखी, हात मागे बांधून. कुठेही थांबावंसं वाटलं नाही. बांधी रिकामी आहे, हे मला माहीत होतं. तरी तू थांबली असतीस का, हे पाहत होते.

साक्षीदारांची यादी १३ तारखेला द्यायची आहे. म्हणून बुधवार, १२ मार्चपर्यंत मला उत्तर हवं. पत्ता पाकिटावर आहे. फोन करायचा नसेल तर कार्ड पाठव. पहिला की दुसरा, एवढा एक शब्द लिहिलास तरी पुरे.

उर्वशी